पाळीवरची पळसाची फांदी

मी रागीट आहे हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. माहेरी असताना आईशी भांडायची, सासरी आल्यावर जावेशी भांडले. पण खरा राग काय असतो तो मला छप्पन सालच्या फाल्गुनात नागपुरात कळला. विधानसभेच्या गॅलरीत, गादीच्या खुर्चीवर बसल्याबसल्या कळला.

आमचं गाव गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या अलीकडे. आम्ही कोहळी. तलाव बांधणं हेच आमच्या पूर्वजांचं काम, आणि गावचा तलाव मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या खापरपणज्याने बांधला. तलावाची पाळ म्हणजे मातीचा बांध. तिच्याखाली साऱ्या गावाची धानाची खाचरं, आमच्या बोलीत बांध्या, त्यात सगळ्यात वरच्या आमच्या. तलावात पाणी असलं तर धान पिकतं, नसलं तर नाही. म्हणून दरवर्षी होळी झाली की घरटी एक माणूस टोपली घेऊन पाळीवर जायचा. तलावातला गाळ काढून पाळीवर चढवायचा आणि पायांनी तुडवून बसवायचा. हे कोणी सांगावं लागत नसे.

नागपूर तेव्हा आमच्या राज्याची राजधानी. मग तिथल्या विधानसभेने कायदा केला आणि मालगुजारी, म्हणजे गावावरची जमीनदारी, गेली. मला आनंदच झाला. आमचा मालगुजार काही देव नव्हता, बेगारीवर बायांनाही बोलवायचा. पण मालगुजाराबरोबर तलावही सरकारचा झाला. खात्याचा एक माणूस येऊन सांगून गेला की आता हा तलाव सरकारी आहे, विचारल्याशिवाय कोणी फावडं लावायचं नाही. गेला तो गेलाच. पाळीवर टोपली पडेनाशी झाली. आम्ही हात लावायचा नाही आणि ज्यांनी लावायचा त्यांना तलाव कुठे आहे तेही माहीत नाही, असं चार-पाच वर्षं चाललं.

पंचावन्नच्या पावसाळ्यानंतर पाळीला भोक पडलं. तुडूम, म्हणजे शेतात पाणी सोडायची मोरी, तिच्या बाजूनेच माती वाहून गेली होती. आधी हात जाईल एवढं होतं, दिवाळीपर्यंत डोकं जाईल एवढं झालं.

आमचे एमेले देवचंदजी, गोंदियाचे वकील, मनाचे वाईट नाहीत. ते गावात आले तेव्हा मामाजींनी त्यांना ओसरीवर बसवून भोकाची गोष्ट सांगितली. देवचंदजी खूश झाले. असेंब्लीबद्दल बोलायला मिळालं की त्यांचा चेहरा फुलायचा.

"टिकारामजी, चिंता नको," ते म्हणाले. "असेंब्ली मतलब काय? कायदा वही करते. सरकारचा एक पैसा तिच्या मंजुरीशिवाय खर्च होत नाही. और सबसे बडी बात, मंत्री कितना भी बडा हो, मेंबरने प्रश्न विचारला की सबके सामने उभं राहून जवाब द्यावा लागते. मैं प्रश्न लगाता हूँ."

"म्हंजे मोठी पंचायतच की," मामाजी म्हणाले.

"बस, तेच!"

ऐकून मामाजींचे डोळे भरले. मी दाराआडून पाहत होते. आपल्या तलावासाठी मंत्री उभा राहणार, एवढंच त्यांच्या मनात बसलं.

आम्ही नागपूरला गेलो. मामाजी, माझे घरचे, म्हणजे नवरा, आणि मी. मला कोणी नेत नव्हतं, मी हट्टाने गेले. अर्जुनीहून छोट्या गाडीने गोंदिया, तिथून मोठ्या गाडीने नागपूर. देवचंदजींनी पास काढून दिले. गॅलरीत बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, पुढच्या कठड्यावर हात टेकायचा नाही, असं शिपायाने दरडावून सांगितलं.

खाली उंच खुर्चीवर अध्यक्ष. त्यांच्या उजव्या हाताला मंत्री आणि सरकारची माणसं, डाव्या हाताला विरोधातली. कोणी मराठीत बोले, कोणी हिंदीत. प्रश्नाचा नंबर पुकारला की मंत्री उठायचे, कागदातून वाचायचे, मग बाकीचे त्यांना उलटसुलट विचारायचे. खोटं नाही सांगत, सुरुवातीला मलाही बरं वाटलं. मोठी माणसं जाब देत होती. मामाजी हात जोडून बसले होते.

मग कुठल्याशा विश्रामगृहाच्या कुंपणाचा प्रश्न आला. कुंपण तारेचं की विटांचं? तारेचं असेल तर बकऱ्या आत कशा गेल्या? बकऱ्या कोणाच्या? एक जण काही बोलला आणि सारं सभागृह हसलं. दुसऱ्याने त्यावर बोलून पुन्हा हसवलं. मंत्रीही हसले. आमचा प्रश्न त्याच्या लगेच नंतर होता. मी खालच्या प्रत्येक माणसाकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, बस करा आता, आमच्या पाळीला भोक आहे हो.

अध्यक्ष म्हणाले, "प्रश्नोत्तरांचा तास संपला."

मामाजींना आधी कळलंच नाही. कळलं तसे ते उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "साहेब, आमचा तलाव राह्यला!"

शिपायाने त्यांचा दंड धरून खाली बसवलं. खालच्या दोघा-चौघांनी वर पाहिलं. देवचंदजींनी मान खाली घातली. त्या म्हाताऱ्या माणसाचा दंड शिपायाच्या मुठीत पाहून माझ्या अंगाची आग आग झाली.

बाहेर आल्यावर देवचंदजी समजूत घालू लागले. ज्या प्रश्नाची वेळ येत नाही त्याचं उत्तर लेखी मिळतं म्हणे. उत्तर खरंच मिळालं होतं. 'माहिती गोळा करण्यात येत आहे.' एवढंच.

"ये भी कम नहीं," ते म्हणाले. "प्रश्न सदनासमोर आला. आता कोणीतरी साहेब पाहायला येणारच. मात्र तोपर्यंत काही हलवू नका. भोक दिसलं पाहिजे, नाही तर म्हणतील तक्रार झूठी आहे."

हे मामाजींना तंतोतंत पटलं, कारण आमच्याकडे रीतच तशी आहे. बांधाचं, वाटेचं, पाण्याचं भांडण पंचांपुढे गेलं की त्या जागेवर पळसाची फांदी रोवतात. पंच स्वतःच्या डोळ्यांनी पाहत नाहीत तोवर तिथली माती कोणी हलवत नाही. फांदी ओलांडून कोणी हात लावला तर त्याच्या घरी पाणी प्यायला जात नाहीत. गावी परतल्यावर मामाजींनी पळसाची फांदी तोडली आणि त्या भोकाशी रोवली.

होळी झाली. माझ्या घरच्यांनी फावडं उचललं. मामाजी दारात आडवे आले.

"फांदी लावली हाय," ते म्हणाले. "पंच येऊन पाहेतवरी हात नाई लावाचा."

"बाबा, पानी थांबन का पंचायसाठी?"

"त्यायनं कबूल केलं हाय. मोठी पंचायत हाय ते. फांदी मोडाची नाई."

मला राहवलं नाही. डोक्यावरचा पदर नीट करून मी बोलले, "मामाजी, आपले पंच त्याच दिवशी पाहाले येतेत. हे कायले येऊन नाई रायले?"

"दूर हाय नागपूर," मामाजी म्हणाले.

फावडं परत कोपऱ्यात गेलं. सारा गाव मामाजींच्या बाजूने होता. त्या पावसाळ्यात पाळ फुटू नये म्हणून आम्ही तुडूम उघडं ठेवून तलाव अर्धाच भरू दिला. पाणी डोळ्यांदेखत ओढ्याला गेलं आणि आश्विनात धान वाळलं. कोणी पाहायला आलं नाही. पळसाची फांदी वाळली की मामाजी नवी रोवत.

दिवाळीच्या सुमाराला आमचं राज्यच बदललं. नागपूरची राजधानी गेली, आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला. देवचंदजी आले, तर मामाजींनी पहिलं हेच विचारलं की आपल्या प्रश्नाचं काय.

"वो सदन खतम, तर त्याचे प्रश्नही खतम," देवचंदजी म्हणाले. "आता मुंबईत नवीन लगाना पडेगा. तिथे तर दोन सभागृह आहेत. एक विधानसभा, लोकांनी निवडलेली. दुसरी विधान परिषद, तिच्यात मास्तर, पदवीवाले, म्युनिसिपालट्यांनी निवडलेले..."

"साहेब," मी मध्येच म्हटलं, "एका घरातून आमच्यापर्यंत कोनी आलं नाई. आता दोन घरं झाले तं कोन येईन?"

ते हसले. मी हसले नाही. मालगुजाराच्या काळात निदान शिवी द्यायला एक तोंड समोर होतं. आता कायदा एकीकडे झाला, खातं दुसरीकडे, सभागृह तिसरीकडेच, आणि भोक मात्र आमच्या बांधीच्या डोक्यावर.

निवडणूक झाली, देवचंदजी पुन्हा निवडून आले. गावाने त्यांनाच मत दिलं, मीही दिलं. त्यांनी मुंबईत प्रश्न लावला. आणि त्याच श्रावणात, भर दुपारी, पाळ फुटली. तीन दिवस पाऊस लागून होता आणि उघडं तुडूम पुरलं नाही. आम्ही घरातून आवाज ऐकला. धावत गेलो तोवर आमच्या बांध्यांवरून तांबडं पाणी चाललं होतं. रोपांची रोवणी नुकतीच आटोपली होती. पाणी ओसरलं तेव्हा धान नव्हतं, नुसती रेती होती. मामाजी काठी टेकून उभे होते आणि फांदी जिथे होती तिथे पाहत होते. तिथे आता काहीच नव्हतं.

मुंबईचं उत्तर घेऊन देवचंदजी कार्तिकात आले. जीप आंब्याखाली थांबली. सारा गाव जमला. त्यांनी खिशातून कागद काढून वाचला.

"सदर तलाव यंदाच्या पावसाळ्यात फुटला असल्यामुळे त्याच्या दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही."

मग मामाजींनी विचारलं, "पाहाले कोन आलं होतं?"

"टिकारामजी, रिपोर्ट के आधार पर..."

"रिपोट नाई. डोऱ्यानं कोनी पायलं?"

देवचंदजींनी कागदाची घडी घातली.

"पायलं नाई आन् निवाडा देल्ला," मामाजी म्हणाले. "हे कसे पंच? असा पंच आमच्या गावात असता तं त्याले आमी पाटावर बसू देल्लं नसतं." सगळ्या जन्मात मी त्यांना मोठ्या माणसापुढे असं बोलताना ऐकलं नव्हतं.

मी घरात गेले. कोपऱ्यातलं फावडं घेतलं, टोपली घेतली, बाहेर येऊन घरच्यांच्या हातात फावडं दिलं.

"वच्छलाबाई, ये क्या कर रहे?" देवचंदजी घाबरले. "ती सरकारी मालमत्ता आहे."

"कोनती?" मी म्हटलं. "तलाव फुटला, म्हून प्रश्न नाई, असं तुमचं सरकारच म्हनून रायलं ना? मंग तलाव नाई तं सरकारचं अठी काय राह्यलं? माती आमची हाय. आमच्याच बांधीत पडली हाय."

"केस होईल, बाई. मी वकील आहे, सांगतो. सरकार केस करेल."

"करा ना साहेब!" माझा आवाज पार गावाबाहेर गेला असेल. "हात जोडतो, करा. केस झाली तं पंचनामा होईन. पंचनाम्याले तरी कोनीतरी तलाव पाहाले येईन!"

मामाजी काठी टाकून खाली वाकले आणि टोपलीला हात लावला. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. त्यांच्यामागे गाव निघाला. देवचंदजी जीपपाशी उभे राहिले, मग चपला काढून आमच्यामागे पाळीपर्यंत आले. फुटलेल्या जागेच्या काठावरून वाकून खाली पाहिलं आणि परत गेले. पाहणारे ते पहिले. पण तेव्हा पाहण्यासारखं काय उरलं होतं?

शिमग्याच्या आधी अर्धी पाळ उभी राहिली, पावसाच्या आधी पूर्ण. ज्याने त्याने घरची टोपली आणली. मामाजी रोज पाळीवर बसून कोण कुठे माती टाकतो ते पाहत. त्या वर्षी तलाव भरला आणि आमच्या बांध्यांत पुन्हा धान उभं राहिलं. मामाजींनी ते पाहिलं.

केसची मी पुष्कळ वाट पाहिली. आजपर्यंत कोणी केली नाही. त्यासाठीही कोणी पाहायला आलं नाही.