चार चिऱ्यांवरचा लोखंडी चौरंग

मी एक जुना लोखंडी चौरंग आहे, मित्रांनो. पूजेचा नव्हे हं. माझ्यावर कुणी कधी सत्यनारायण मांडला नाही. माझ्यावर लोखंड तापलं, वितळलं आणि जोडलं गेलं. माझं खरं नाव वेल्डिंगचं टेबल. पण पहिल्याच दिवशी मला घडवणाऱ्या बाबलीच्या बायकोने, मथुरेने, मला पाहून विचारलं, “ह्यो कसलो चौरंग?” ते नाव जे चिकटलं ते आजतागायत.

तुम्ही म्हणाल, चौरंगाचं काम ते काय, चार पायांवर गप उभं राहायचं. अगदी बरोबर. नेमकं तेच मला जमत नाही. सहा माणसांना मी उचलत नाही, पण मन माझं घडीभर ठिकाणावर नसतं. दाराशी पाऊल वाजलं की झाली माझी चुळबूळ सुरू: कोण आलं, काय मोडून आणलं, जमेल की नाही. आणि त्रेसष्ट सालच्या पावसाळ्यात तर मी असा तळमळलो की ती हकिकत सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही. पण आधी जन्म सांगतो, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

बाबली मालवणजवळच्या एका वाडीतला. बारा वर्षं मुंबईच्या गोदीत त्याने गॅसने लोखंड जोडायचं काम केलं आणि छप्पन साली तो घरी परतला. घरामागे पेंढा ठेवायचा मांगर होता. तो रिकामा करून त्याने तिथेच आपलं काम मांडलं. सुरुवातीला तो जमिनीवर उकिडवा बसून जोडकाम करी. गुडघे दुखायला लागले तेव्हा फणसाच्या फळ्यांचं बाक केलं. दुसऱ्याच दिवशी ठिणगी पडून ते पेटलं. मथुरेने कळशीभर पाणी ओतून ते विझवलं आणि शांतपणे विचारलं, “लोखंडाचा काम लाकडार करतत, ह्या तुमका गोदीत शिकवल्यानी?” चारच दिवसांनी बैलगाडी घेऊन बाबली बंदरावर गेला.

तिथे एक जुनी लाँच मोडीत काढली होती. तिच्या पोटाखालचे दोन जाड पत्रे त्याने निवडले. ते दोन पत्रे म्हणजे माझी पाठ. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून मध्ये चार बोटांची फट सोडली, म्हणजे काम आवळून धरायचा शिकंजा तिथून खाली घालता येतो. प्रत्येक पत्र्याला दोन-दोन जाड नळ्यांचे पाय. पायांना खालून पट्ट्या मारून दोन्ही भाग एकमेकांना बांधले. मांगराची जमीन मातीची, शेणाने सारवलेली. तिच्यावर मी उभा राहिलो असतो तर महिन्याभरात गुडघाभर रुतलो असतो. म्हणून बाबलीने जमिनीत चार जांभे चिरे पुरले आणि एकेका चिऱ्यावर माझा एकेक पाय ठेवला.

मग वाडीतले म्हातारे सुतार, दाजी, आपली पाणसळ घेऊन आले. पाणसळ म्हणजे काचेच्या नळीत बुडबुडा असलेली लाकडी पट्टी. बुडबुडा मधोमध थांबला की समजायचं, जागा सपाट आहे. दाजींनी ती माझ्या दोन्ही पत्र्यांवर उभी-आडवी फिरवली. कुठे चिरा ठोकला, कुठे घासला, आणि सूर्य कलला तेव्हा म्हणाले, “आता ह्येच्यार हत्ती उभो कर.” मी किती फुगलो म्हणून सांगू. सगळी वाडी येऊन माझ्या पाठीवर थापा मारून गेली. माझ्या पायांकडे मात्र त्यानंतर कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याची खंत वाटली नाही.

सात वर्षं मी भरपूर राबलो. नांगराचे फाळ, रहाटाचे आस, सायकलींचे दांडे, फोंडाघाटात रस्त्यावर मोडून पडलेल्या ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे, सगळं माझ्यावर आलं. ज्योतीचा गॅस ज्यातून निघतो त्या कार्बाईडचा उग्र वास मथुरेला सहन होत नसे. ती नाकाला पदर लावून चहा आणून ठेवी आणि जाता जाता एखादा टोमणा मारी. “चौरंग चांगलो आसा, देव तेवढे काळे,” असं ती एकदा नवऱ्याकडे बघून म्हणाली. बाबली त्यावर दिवसभर हसत होता.

आता त्रेसष्ट सालाकडे येतो. लवू नावाचा एक मासेमार बाबलीचा लहानपणचा सोबती. त्याने होडीला इंजिन बसवायचं ठरवलं. वाडीतलं ते पहिलंच इंजिन. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन सगळ्या होड्या बाहेर पडतात. त्यांत लवूची होडी इंजिनावर निघणार होती, आणि तिच्यात तो स्वतः, त्याचा धाकटा भाऊ शंकर आणि आणखी दोघे असणार होते. इंजिन होडीत ठेवायचं तर खाली लोखंडाची भक्कम बैठक लागते. ही बैठक जर पिळलेली असेल तर इंजिन सरळ बसत नाही, पंखा फिरवणारा दांडा घासतो, बोल्ट सुटतात आणि भर समुद्रात होडीत पाणी शिरतं. म्हणून लवू ते काम बाबलीशिवाय दुसऱ्या कुणाला द्यायला तयार नव्हता.

आमच्याकडे मोठ्या कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. दुसऱ्या दिवशी गाऱ्हाणं, म्हणून मथुरेने मांगर झाडला आणि सगळी जमीन पुन्हा शेणाने सारवली. काळ्याकुट्ट जमिनीवर देवाला कसं बोलवायचं? तिने माझ्या पायांशीसुद्धा हात घालून घालून, भरपूर पाणी घेऊन सारवलं. मन लावून केलं हो तिने. पण पावसाने आधीच भिजलेली माती त्या पाण्याने आणखी मऊ झाली आणि पहाटे समुद्राच्या अंगाचा माझा एक चिरा हळूच खचला. किती? तांदळाच्या एका दाण्याएवढा. तेवढाच माझा तो कोपरा उतरला. मी हाललो नाही, डुगडुगलो नाही. एवढं वजन असल्यावर डुगडुगणार कसा? फक्त माझा एक पत्रा दुसऱ्यापेक्षा जरासा कलला आणि माझी पाठ पिळल्यासारखी वाकडी झाली.

सकाळी सगळे जमले. दाजी गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. “बा देवा म्हाराजा, आज लवून इंजिनाचा काम हाती घेतल्यान हा. काय वाकडा आसात ता सरळ कर रे म्हाराजा.” बाकीचे म्हणाले, “होय म्हाराजा.” मग लवूने नारळ माझ्या काठावर फोडला आणि पाणी माझ्या पाठीवर ओतलं. ते पाणी जरा थांबलं आणि सरसर निघालं ते थेट समुद्राच्या अंगाच्या कोपऱ्याकडे. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. दाजींनी हात जोडले. “बघलास मरे, पाणी दर्याक गेला. देवान कौल दिल्यान.” लवूचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

मी आतून ओरडत होतो. अरे बाबांनो, कौल कसला, माझा पाय खचलाय! पण लोखंडाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? बाबलीने पाणसळ खुंटीवरून काढलीसुद्धा नाही. एरवी अशा मोठ्या कामाआधी तो ती एकदा तरी फिरवायचा. पण देवाने होय म्हटल्यावर पुन्हा पाणसळ लावायची म्हणजे देवाची परीक्षा पाहण्यासारखंच झालं असतं.

तीन दिवस काम चाललं. ते तीन दिवस माझ्या वैऱ्यालाही नकोत. बाबलीने लोखंडी कोन, म्हणजे काटकोनी पट्ट्या, माझ्यावर आवळून बसवले आणि एकेक सांधा जोडला. मी खाली वाकडा, म्हणून बैठकही वाकडी होत गेली. आणि गंमत अशी की माझ्यावर ती अगदी चपखल बसली. कुठे फट नाही, कुठे हेलकावा नाही. बाबली मान हलवून समाधानाने बघे आणि मला लाज वाटे. वाटे, पाठीवर थापा मारून घ्यायला मी पुढे आणि खरं सांगायची वेळ आली की मूग गिळून बसणार. त्या चार माणसांचे चेहरे सारखे समोर येत. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या जडपणाचा राग आला. एखादं हलकं मोडकं बाक असतो तर निदान करकरलो असतो.

काम पुरं झालं. पौर्णिमेला पाच दिवस होते. लवू गाडी घेऊन बैठक न्यायला येणार, म्हणून मथुरा माझ्या पाठीवरची काजळी धुवायला आली. बैठक बाबलीने कडेला उभी करून ठेवली होती. तिने तांब्याभर पाणी ओतलं आणि ती पुसता पुसता थांबली. पाणी पुन्हा त्याच कोपऱ्याकडे पळालं होतं. तिने आणखी थोडं ओतलं. पुन्हा तेच. मग ती खाली वाकली, माझ्या पायाशी बोट घालून पाहिलं, आणि बाहेर येऊन बाबलीला म्हणाली, “ओ, चौरंगाचो एक चिरो खचलो हा.”

बाबली विडी ओढत होता. “खचलो नाय. देवान कौल दिल्यान, तू बघलंस मा.”

“देव खोटो म्हणाक नाय मी. पण मी काजळी धुतंय तरी पाणी थंयच जाता. काजळीक कौल कोण देता?”

बाबली उठला. खुंटीवरची पाणसळ काढून त्याने माझ्यावर ठेवली. बुडबुडा पळून टोकाला जाऊन बसला. मग त्याने बैठक अंगणातल्या सपाट कातळावर ठेवली आणि एका कोपऱ्यावर हात दाबला. पलीकडचा कोपरा वर उचलला गेला. तो तिथेच खाली बसला. मथुरा हळूच म्हणाली, “सारवलंय मीच.” त्यावर तो म्हणाला, “तू सारवलंस. बघूक होया होता ता मी.”

तेवढ्यात लवू आला. बाबलीने काही लपवलं नाही. “लवू, बैठक पिळाटली हा. ही तुका देवची नाय.”

लवूला आधी खरंच वाटेना. मग त्याने ती दोन-तीनदा दाबून पाहिली. “येवढाच मा? मी पाचर मारतंय खाली. पुनवेक सगळी वाडी किनाऱ्यार येतली, बाबली. मी सांगान बसलंय सगळ्यांका.”

“पाचर सुटली तर?”

“नाय सुटाची. माझ्यार सोड.”

बाबलीने बैठकीवर हात ठेवला. मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. त्याने ‘बरं’ म्हटलं असतं तर कुणी त्याला दोष दिला नसता. बैठक गाडीत चढली असती, वाडीने टाळ्या वाजवल्या असत्या. आणि ज्योतीला लागणारी ऑक्सिजनची बाटलीही संपत आली होती. दुसरी कोल्हापूरहून घाट उतरून यायची, ती भर पावसात आठ-दहा दिवसांशिवाय यायची नाही.

बाबलीने बैठक उचलून माझ्या पाठीवर टाकली, चष्मा लावला, ज्योत पेटवली आणि आपल्याच हाताने केलेला पहिला सांधा कापला. मग दुसरा. लवू “अरे, अरे” करत पुढे आला, पण ठिणग्यांनी त्याला थांबवलं. तिसऱ्या सांध्याला ज्योत फडफडली आणि विझली. बाटली संपली होती. आता ती बैठक कुणालाही नेता येणार नव्हती.

“तुझो भाव आसा त्या होडयेत,” बाबली चष्मा काढत म्हणाला.

लवू रागाने बाहेर गेला. गाडीवानाला परत पाठवलं. बराच वेळ तो पावसात उभा होता. मला वाटलं, संपलं, तुटली मैत्री. मग तो आत आला, कोपऱ्यातली पहार घेतली आणि माझ्या खचलेल्या पायाखाली घातली. “कौल खोटो नव्हतो,” तो म्हणाला. “खंयचो चिरो खचलो, ता देवान बोटान दाखवल्यान. आपणच दर्याकडे बघीत रवलो. चल, धर हयसून.” दोघांनी पहारीने माझा तो कोपरा उचलून धरला, मऊ माती उपसली, खाली काळा दगड घालून चिरा पक्का बसवला.

पौर्णिमेला सगळ्या होड्या गेल्या आणि लवूची किनाऱ्यावर राहिली. लोक हसले. बाटली दहाव्या दिवशी आली, बैठक पुन्हा जोडली, आणि गणपतीच्या आधी लवू, शंकर आणि ते दोघे इंजिनावर निघाले. ते परत येईपर्यंत मी कसा उभा होतो ते माझं मलाच ठाऊक. संध्याकाळी शंकर वाटेवरूनच मथुरेला हाक मारून म्हणाला, “वयनी, बैठक हलाक नाय.” तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आता एकोणसत्तर साल आहे. ज्योतीकडे पाहून पाहून बाबलीचे डोळे अधू झालेत. काम बंद आहे, आणि माझ्यावर नारळाच्या सोडणांचा ढीग पडलाय. काल कणकवलीहून एक गॅरेजवाला आला. मला विकत घेणार म्हणे, ट्रकचे सांगाडे जोडायला. त्याने सोडणं बाजूला सारली, पाठीवर जोरात थाप मारली आणि म्हणाला, “ठणठणीत आसा. बघूचा काय त्यात?”

त्याने खाली वाकून पाहिलं नाही, मित्रांनो. दोन पावसाळे कुणी लक्ष दिलं नाही म्हणून माझा एक पाय खालून गंजून पोकळ झालाय. बाबलीला आता दिसत नाही आणि मला बोलता येत नाही. उद्या माझ्यावर जोडलेल्या ट्रकमधून माणसं घाट चढतील. तुमच्यापैकी कुणी कणकवलीच्या वाटेने जाणार असाल, तर त्या माणसाला माझा एवढाच निरोप द्या: थाप नको, आधी पाय बघ.