साडेतीनला येणारा रघुवीर परब

तीन वाजून गेले तसा लालबागच्या त्या चाळीचा दुसरा मजला माणसांनी भरून गेला. जिन्यात माणसं, गॅलरीच्या कठड्याला माणसं, आणि रघुवीर परबांच्या खोलीत तर पाय ठेवायला जागा नाही. रघुवीर परब स्वतः ही गर्दी बघायला नव्हते. गिरण्यांच्या संपाच्या दुसऱ्या वर्षी छातीच्या दुखण्यानं ते गेले, त्याला वीस वर्षं झाली होती. आणि लोक जमले होते ते परब आज पुन्हा येणार म्हणून. कुठं, तर कम्प्युटरमध्ये.

मोरीजवळच्या कोपऱ्यात त्यांची मुलगी मीनाक्षी दातओठ खात उभी होती. कम्प्युटर तिचा. एका आर्किटेक्टच्या ऑफिससाठी ती घरी बसून इमारतींची चित्रं करायची, चारी बाजूंनी फिरवून बघता येतील अशी. चित्रं जड व्हायला लागली म्हणून महिन्यापूर्वी तिनं नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं, आणि त्या दिवसापासून रोज दुपारी साडेतीनला पडद्यावरचं चित्र जागच्या जागी थिजायला लागलं. माऊस हलेना, कुठलंही बटण ऐकेना. बंद करून पुन्हा चालू करावं तेव्हा गाडी रुळावर यायची. तिनं कार्डाचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, व्हायरस तपासला, आतली धूळ झाडली. साडेतीन वाजले की पुन्हा तेच.

दुसरीकडे कुठं कुणाला काही वाटलं नसतं. पण गिरणगावात साडेतीन म्हणजे पहिली पाळी सुटायची वेळ. भोंगे बंद पडून किती वर्षं लोटली, तरी इथली माणसं दिवस पाळीनंच मोजतात. शेजारचे लवूकाका पहिल्यांदा बोलले, "अगो, ही तर रघूची घरी यायची वेळ." त्यातून मीनाक्षी जो टॉवर काढत होती तो उभा राहणार होता रघुवीर परब जिथं साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे त्याच गिरणीच्या जागेवर. झालं. बाप चिडलाय, रोज येऊन पोरीचा हात धरतोय, असं चाळीनं परस्पर ठरवून टाकलं.

मग आज भोईवाड्याचे तात्याबुवा आले. बुवांनी कम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, माऊसच्या शेपटीला लिंबू बांधलं आणि डोळे मिटून मीनाक्षीच्या आईपुढे ज्ञान पाजळलं. "आत्मा पूर्वी पिंपळ धरायचा, माई. आता करंट धरतो. काळ बदलला तसे तेही बदलले." त्यांनी पडद्यावर कान लावला. "तहानलेला आहे. सव्वातीन ते पावणेचार कुणी घरात पाणी ओढायचं नाही. त्याच्यासमोर पाणी ओढलंत तर खवळेल. सगळ्यांनी इथं येऊन हात जोडा."

सगळ्यांनी हात जोडले. साडेतीन वाजले, पावणेचार झाले. पडद्यावरचा टॉवर संथ फिरत राहिला, थांबला नाही. आत्मा शांत झाला म्हणत बायकांनी कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. तेवढ्यात बुवांच्या अंगात आलं. घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, "कमल, मी अडकलोय. ही खोली सोड. मालकाच्या हवाली कर. मग मी सुटेन."

मीनाक्षीची आई, कमल, धाडकन त्यांच्या पायावर पडली. "सोडते हो. उद्याच सोडते."

चाळ पाडायची म्हणून मालकाचा माणूस या खोलीसाठी दोन वर्षं खेटे घालत होता. संपात खाणावळीच्या चपात्या लाटून लाटून आईनं जी खोली राखली, ती एका लिंबावर निघाली होती.

गर्दी पांगल्यावर मीनाक्षी आईजवळ बसली. "आई, बाबांनी तुला कधी नावानं हाक मारली होती?"

"नाही. 'मीनाची आये' म्हणायचे."

"मग आज कमल कुठून आलं?"

"मेल्यावर माणूस बदलत असेल." मग तिचा आवाज चढला. "तू शिकलीस, तू सगळं खोटं ठरवशील. ठरव. पण महिनाभर माझा नवरा रोज घरी येतोय, मीना. वीस वर्षांनी येतोय. त्याला अडकवून ठेवू?"

मीनाक्षीला आईची चीड आली आणि त्याहून जास्त कीव आली. पण डोकं तिचं गहाण पडलेलं नव्हतं. महिनाभर रोज थिजणारी मशीन आज का थिजली नाही? आज वेगळं काय होतं? लिंबू होतं, हळद होती, बुवा होते. आणि पाणी कुणी ओढलं नव्हतं.

चाळीत नळाला पाणी साडेतीनलाच येतं, आणि दुसऱ्या मजल्यावर ते नुसतं चढत नाही. म्हणून घराघरात मोरीच्या कडाप्प्याखाली छोटी मोटार लपवलेली. नळाला मोटार लावायला बंदी, त्यामुळे मोटार सगळ्यांकडे आणि कबूल कुणालाच नाही. सगळ्या मोटारी एकाच माणसानं बसवल्या होत्या: तात्याबुवांच्या भाच्यानं. मीनाक्षीनं कपाळावर हात मारून घेतला.

सकाळी अकराला बुवा आले, बरोबर मालकाचा माणूस. मागोमाग मजला जमला. मीनाक्षीनं टॉवर फिरत ठेवला होता.

"साडेतीनला अजून बराच वेळ आहे ना, बुवा?" असं म्हणून तिनं मोरीतल्या स्वतःच्या मोटारीचं बटण दाबलं. दिवा मिणमिणला आणि टॉवर जागच्या जागी थिजला.

"बाबा आज लवकर सुटले वाटतं," ती म्हणाली. कुणी हसलं नाही.

मग तिनं कम्प्युटर बंद केला, सगळ्यांसमोर नवीन कार्ड काढून जुनं बसवलं आणि पुन्हा मोटार लावली. दिवा तसाच मिणमिणला, पण चित्र हळूहळू का होईना, फिरत राहिलं.

"नवीन कार्ड वीज जास्त खातं," ती म्हणाली. "डब्यातला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय जुना आणि लहान. तो आधीच धापा टाकतोय. मोटार लागली की, मग ती एक असो की मजल्यावरच्या सगळ्या, लाइनीतली वीज कमी पडते आणि मशीन थिजते. काल तुम्ही सगळे इथं हात जोडून उभे, मोटारी बंद. कशाला थिजेल? बुवा, पाणी ओढू नका हे तुम्हाला आत्म्यानं सांगितलं की भाच्यानं?"

"विज्ञानाच्या पलीकडे पण काही असतं, बाळ," बुवा म्हणाले, पण नजर जिन्याकडे होती.

"लवूकाका, तुमची पण लावा जरा. दोन्ही मिळून बघू."

"मोटार?" लवूकाका छताकडे बघत म्हणाले. "आमच्याकडे कुठली मोटार?"

मजल्यावर कुणाकडेच मोटार नव्हती. भूत मात्र सगळ्यांनी बघितलं होतं.

कमल इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. ती उठली. "ते नवीन घाल परत," तिनं मुलीला सांगितलं. मीनाक्षीनं कार्ड घातलं, चित्र फिरायला लागलं. कमलनं स्वतः जाऊन बटण दाबलं. चित्र थांबलं. त्याच्याकडे तिनं बराच वेळ बघितलं.

"खोली मिळणार नाही," ती मालकाच्या माणसाला म्हणाली. बुवांकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. मग ती दारातल्या माणसांकडे वळली. "माझा नवरा औषधावाचून गेला. तेव्हा या दारात कोणी आलं नव्हतं, तुमच्याही चुली बंद होत्या, माझा राग नाही. पण काल सगळे आलात. गिरणी कोणी बंद केली, पाणी वर का चढत नाही, हे कधी एकत्र येऊन कुणाला विचारलंत? जिवंत माणसांना विचारायचं सोडून मेलेल्याच्या नावानं हात जोडता. काही घडलं की आधी कारण शोधा. हात काय, मग जोडा."

लोक एकेक करून निघून गेले. साडेतीनला पाणी आलं. भिंतीपलीकडे लवूकाकांची मोटार घुरघुरली, तिच्यापुढची, तिच्यापुढची. पडद्यावरचा टॉवर थिजला. कमल त्याच्यासमोर बसलेली होती.

"तो मोठा सप्लाय मिळतो ना कुठं?" तिनं विचारलं.

"लॅमिंग्टन रोडला."

"उद्या जाऊन आण." तिनं पदरानं डोळे पुसले. "रोज या वेळेला मी दाराकडे बघत बसते, मीना. ते आता बंद व्हायला पाहिजे."