दहावा भाग आधी वाजला

मित्रांनो, शहापुरातल्या एका अरुंद बोळात, अक्काताईंच्या सुताच्या रहाटाशेजारच्या फळीवर एक काळा, कोपऱ्यात चेपलेला स्पीकर दिसतो ना, तो मी. आता माझं वय झालं आहे. जाळीत सुताचा भुसा बसला आहे आणि चालू व्हायचं बटण दोनदा दाबावं लागतं.

मला कोणत्या कारखान्यात बनवलं ते मला ठाऊक नाही. बोलायला मी शिकलो ते अनगोळला, भरमाच्या हातगाडीवर. भरमा कांदेवाला. त्याने आपल्या आवाजात एकच वाक्य भरून ठेवलं होतं, “कांदा घ्या, बटाटा घ्या, बघून घ्या.” तीन वर्षं मी तेवढंच बोललो. जगात बोलण्यासारखं एवढंच असावं, असं मला वाटायचं. पुढे भरमाने मोठा भोंगा घेतला आणि मी वर्षभर पोत्याखाली पडून राहिलो. शेवटी त्याने मला आपल्या वहिनीच्या, म्हणजे अक्काताईंच्या घरी आणून दिलं.

अक्काताई कांड्या भरतात. मागावर साडी विणताना लहान नळ्यांवर गुंडाळलेलं सूत लागतं. ते रहाट फिरवून गुंडाळायचं, याला कांड्या भरणं म्हणतात. या कामात हात अडकतात, पण कान मोकळे राहतात. अक्काताईंची शाळा चौथीत सुटली होती आणि शिकायची भूक तशीच राहिली होती. त्यांची सून आरोही कचेरीत संगणकावर काम करते. तिने एक नवल शोधून काढलं. काही माणसं जुनी पुस्तकं मोठ्याने वाचतात, आवाज भरतात आणि सगळ्यांना फुकट ऐकायला देतात. असं बारा भागांचं एक पुस्तक तिने माझ्या कार्डात भरलं.

“आई, हे तत्त्वज्ञानाचं आहे. जड वाटलं तर बंद करा,” ती म्हणाली.

“कांदा-बटाटा तर न्हाय न्हवं? मग चालंल,” अक्काताई म्हणाल्या.

रोज दुपारी एक भाग. शेजारच्या राजाबाईही आपला रहाट घेऊन येऊन बसत. पुस्तकात फार जुन्या काळचा, दूरदेशीचा एक गुरू होता. तो कुणाला उत्तर देत नसे, नुसते प्रश्न विचारी. पहिल्या दिवशी त्याची ओळख झाली. दुसऱ्या दिवशी माझ्या हातून चूक घडली. मित्रांनो, माझ्यासारख्या स्वस्त यंत्राला मोजता येत नाही. भागांचे आकडे मी अक्षरांसारखे लावतो, म्हणजे एकाने सुरू होणारे सगळे आधी. एकाच्या मागून दहा, अकरा, बारा आणि त्यानंतर दोन.

दहाव्या भागात गावकरी त्या गुरूला वेशीबाहेर काढतात.

“काल तर आलाता, आज हाकललं बी?” राजाबाईंनी विचारलं.

“लई प्रश्न इचारले की लोकं हाकलत्यातच,” अक्काताई म्हणाल्या.

अकराव्या आणि बाराव्या भागात मागे राहिलेले शिष्य एकमेकांशी वाद घालत बसले. पाचव्या दिवशी मी दुसरा भाग लावला. गुरू भर बाजारात उभा होता आणि एका धान्यवाल्याला विचारत होता, “तुझं माप खरं आहे, हे तुला कोणत्या मापाने कळलं?”

अक्काताईंचा रहाट थांबला.

“राजाबाई, त्यो परत आला गं.”

“कुठं?”

“हाकललं त्याच गावात. आणि बघ, तोंडात एक वाकडा शब्द न्हाय. आला आणि लागला प्रश्न इचारायला.”

त्यानंतरचा प्रत्येक भाग दोघींनी या परत आलेल्या माणसाचा म्हणून ऐकला. मापावरून तर त्या दोन दिवस भांडल्या. राजाबाई म्हणत होत्या की सगळ्या गावाने मानलं ते माप खरं. “आणि सगळं गावच चुकलं तर?” असं अक्काताईंचं म्हणणं. मला आनंद होत होता आणि धास्तीही वाटत होती. मला सगळं बोलता येत होतं, फक्त स्वतःचं एक वाक्य बोलता येत नव्हतं.

धास्तीचं कारण सांगतो. अक्काताईंचं माहेर कणकुंबीला, रानातल्या गावात. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा भाऊ रवळू याने मुलाच्या लग्नाचं बोलावणं नुसतं फोनवर केलं. हळदकुंकू घेऊन दाराशी कुणी आलं नाही. सख्ख्या आत्याचा मान राहिला नाही, म्हणून अक्काताई लग्नाला गेल्या नाहीत आणि त्यानंतर माहेरीही गेल्या नाहीत. हाकललेला गुरू आपणहून परत आला, हे त्यांच्या मनात बसलं होतं. चार दिवसांनी त्यांनी फोन लावला.

“रवळू, जत्रंला येते,” एवढंच बोलल्या आणि फोन ठेवला. पिशवीत दोन साड्या भरल्या.

नववा भाग संपला आणि मी पुन्हा पहिला सुरू केला. अक्काताईंनी आरोहीला हाक मारली. “ह्येचा शेवट कुठं गेला गं?”

आरोहीने मोबाइलवर यादी पाहिली. “आई, याने उलटसुलट वाजवलंय. हाकललं, तिथेच त्याची गोष्ट संपते. तो परत आलेलाच नाही.”

मित्रांनो, ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही. साड्या ट्रंकेत परत गेल्या. माझं तोंड भिंतीकडे फिरवलं गेलं. दोन दिवस घरात नुसता रहाटाचा आवाज होता. तिसऱ्या दिवशी राजाबाईंना राहवेना.

“आक्का, उद्या जत्रा हाय. काय करणार?”

“काय करू? ज्याचं बघून निघालेते, त्योच परत गेला न्हाय.”

“मग त्या डब्यावर कशाला राग? त्यो बिचारा कांदं इकून आलाय, त्याला काय कळतंय?”

अक्काताईंना हसू आलं. त्यांनी मला सरळ केलं आणि आरोहीला दहावा भाग लावायला सांगितला. दोघी काम सोडून बसल्या. गुरू वेस ओलांडतो, एकदा मागे वळून पाहतो आणि चालू लागतो. तिथेच भाग संपतो.  अक्काताई उठल्या आणि त्यांनी ट्रंक उघडली.

“आगं, पण त्यो गेला न्हाय म्हणालीस न्हवं?” राजाबाई म्हणाल्या.

“त्यो न्हाय गेला. मला जायाचं हाय. सकाळी साडेसातची बस हाय.”

कणकुंबीत काय झालं ते मी पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या आल्या, पाय धुतले आणि राजाबाईंना म्हणाल्या, “आधी लई भांडलो. नऊ वर्षांचं एकदम. मग वैनी म्हणाली, भात निवतोय, उरल्यालं भांडण जेवून करा.”

आरोहीने आता एक ते नऊ या आकड्यांच्या आधी शून्य लावून भाग ओळीने बसवले आहेत. दुपारी आम्ही पुस्तक पुन्हा पहिल्यापासून ऐकतो.

मित्रांनो, माझी बॅटरी आता तासभरच टिकते. तरी माझं एक मागणं आहे. तुमच्या घरात जुना स्पीकर किंवा मोबाइल पडून असेल, तर तो पुसा, त्याची बॅटरी भरा आणि ज्यांचे हात दिवसभर कामात अडकलेले असतात अशा कुणाजवळ ठेवा. ऐकता ऐकता ते माणूस काही उलटंच बोललं, तर हसू नका. त्याला विचारा, “असं का वाटलं?” आणि ते काय सांगतं, ते शेवटपर्यंत ऐका.