चूळ भरायची बिअर

पाहुणी यायच्या आधीच आत्याने दुसऱ्यांदा सांगितलं, "धूर कमी आहे."

ताईने ग्लास टेबलावर ठेवला, म्हणजे आपटलाच. "आत्या, यातलं निम्म्याहून जास्त माल्ट धुरावर वाळवलेलं आहे. गेल्या वर्षी तू कमी म्हणालीस म्हणून वाढवलं. त्याच्या आदल्या वर्षीही तू कमीच म्हणाली होतीस."

"मग अजूनही कमीच आहे, त्याला मी काय करू? माझ्या जिभेला कळतं ते मी सांगते."

"अप्पा, तुम्ही तरी सांगा."

अप्पांनी ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. "रंग छान आलाय."

"रंग नाही विचारला मी!"

"धूर आहे," अप्पा म्हणाले, "पण शोधावा लागतो."

बिअरचा हा छोटा कारखाना घराच्या मागच्या बाजूला होता. तळमजल्यावर भट्टी होती. मोड आलेलं जव जाळीवर पसरायचं, खाली लाकूड पेटवायचं आणि त्या धुरावर ते वाळवून माल्ट करायचं, ही अप्पांच्या वडिलांपासूनची रीत. आता भट्टी त्यांची थोरली लेक, ताई, सांभाळत होती. लाकूड नीट जळतंय की नुसतं धुमसतंय, हे तिला भट्टीचं दार न उघडता नुसत्या आवाजावरून कळे. चाखायची खोली भट्टीच्या बरोबर वर होती. बिअर जिथे तयार होते तिथेच ती चाखायची, असा अप्पांचा नियम होता. नियम आणखीही होते. चाखायच्या दिवशी वासाचा साबण नाही, तेल नाही, सकाळचा चहा नाही. आणि दोन ग्लासांच्या मध्ये पाण्याने नव्हे, तर साध्या बिअरने चूळ भरायची. त्यासाठी कोपऱ्यातल्या लहान टाकीत थोडी साधी बिअर नेहमी असे. तिला नाव नव्हतं आणि ती कुणी विकतही नव्हतं. चूळ भरायची आणि बादलीत टाकायची.

आज या सगळ्या नियमांची परीक्षा होती. नदीकाठी नवं हॉटेल निघत होतं. तिथल्या कोणत्या नळाला कोणती बिअर, हे मालकीणबाईंनी ठरवलं होतं, एक नळ सोडून. त्या एका नळासाठी त्या आज येणार होत्या. त्यांनी धुराची बिअर घेतली तर भट्टी चालू राहणार. नाही घेतली तर भट्टी पाडून तिथे बाटल्या भरायचं यंत्र बसवायचं. ही योजना जावयाची, म्हणजे ताईच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची होती, आणि अप्पांनी तिला मान हलवून होकार दिला होता. अप्पांची मान एकदा हलली की ती परत उलटी हलत नसे.

जावई नाकाला रुमाल लावूनच जिना चढला. नदीपलीकडे त्याचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस टापटिपीचा, शर्टाला सुरकुती नाही.

"जिन्यातच डोळ्यांतून पाणी येतं हो तुमच्याकडे."

"चष्मा बदला," आत्या म्हणाली.

"आत्या, चष्म्याचा काय संबंध? तुमच्या घरी सगळ्यालाच धुराचा वास येतो. उशांना येतो, पाण्याच्या तांब्याला येतो. त्या चूळ भरायच्या बिअरलासुद्धा येतो, मी मागेच म्हटलं होतं."

"तुम्हाला बर्फाचाही वास येतो," आत्या म्हणाली. अप्पा हसले. ताईही हसली असती, पण तेवढ्यात खाली गाडी थांबली.

मालकीणबाई हातात गाडीची किल्ली घेऊनच वर आल्या. दारात क्षणभर थबकल्या, डोळे मिचकावले आणि बसल्या. अप्पांनी लगेच सुरुवात केली.

"पहिल्या ग्लासाला मत द्यायचं नाही. धुराची बिअर पहिल्याला कुणालाच कळत नाही. दुसऱ्याला शंका येते. तिसऱ्याला कळते."

"मला गाडी चालवायची आहे," बाई म्हणाल्या. "मी एक घोट घेईन."

"एका घोटात काय कळणार?"

"माझं गिऱ्हाईकही एकच घोट घेऊन ठरवणार आहे."

ताईला ही बाई आवडायला लागली होती. तिने मोठ्या टाकीतला ग्लास पुढे केला. बाईंनी घोट घेतला. त्यांचा चेहरा हलला नाही, फक्त भुवया वर गेल्या आणि वरच राहिल्या.

"यात काही जळलंय का?"

"धूर आहे तो," ताई म्हणाली. "ही सौम्य बघा. दुसऱ्या टाकीतली. हिच्यात माल्ट कमी घातलंय. म्हणजे धुराचं."

बाईंनी दुसरा घोट घेतला, विचार केला आणि शांतपणे म्हणाल्या, "पहिली म्हणजे घर जळतंय. ही म्हणजे बंब येऊन गेलाय."

जावयाने खोकल्यासारखं केलं. ताईने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो कुठे बघतोय हे तिला न बघताच माहीत होतं. तो जमिनीकडे बघत होता. खाली भट्टी होती आणि यंत्राला किती जागा लागेल याचा हिशेब त्याच्या डोक्यात चालू होता.

"धूर कमी पडला असेल, म्हणून तसं लागलं," आत्या म्हणाली.

"आत्या!" ताई ओरडली.

"बरं, नाही बोलत. पण कमी आहे."

बाई उठायच्या बेतात होत्या. "मला थोडं पाणी मिळेल का? तोंडात चव राहिलीये."

"पाणी नाही," अप्पा म्हणाले. हार पत्करायच्या क्षणीही त्यांचे नियम शाबूत होते. "पाण्याने जीभ मरते. ह्याने चूळ भरा." त्यांनी कोपऱ्यातल्या टाकीतून अर्धा ग्लास भरून दिला आणि पायाने बादली पुढे सरकवली.

बाईंनी घोट तोंडात घोळवला. बादलीकडे बघितलं. मग गिळला. आणखी एक घोट घेतला, तोही गिळला.

"ही कोणती?"

"ही काही नाही," ताई म्हणाली. "चूळ भरायची आहे."

"हिच्यात धूर किती घातलाय?"

"हिच्यात धूर नाही."

"आहे."

"अहो बाई, नाही. बाहेरून पोतं येतं, साधं माल्ट. भट्टीच्या जवळही जात नाही ते. तुम्हाला खोलीचा वास येत असेल."

बाई उठल्या. ग्लास घेतला आणि सरळ जिना उतरून रस्त्यावर गेल्या. ताई मागोमाग धावली. तिच्या मागून जावई. वर खिडकीत अप्पा आणि आत्या.

गाडीजवळ उभं राहून बाईंनी पुन्हा घोट घेतला. "इथेही आहे. अगदी हलका. लांब कुठेतरी शेकोटी पेटलीये आणि वारा आपल्याकडे वळलाय, एवढाच. मला हीच हवी."

ताईने त्यांच्या हातातून ग्लास घेतला. वास घेतला. काही नाही. घोट घेतला. साधी बिअर, मिळमिळीत म्हणावी इतकी साधी. तिने अंगातला स्वेटर काढून गाडीच्या टपावर फेकला, दोन्ही हातांनी चेहरा चोळला आणि पुन्हा वास घेतला. तिच्या हातांनाही धुराचा वास होता का, हेसुद्धा तिला सांगता येईना.

"मला नाही येत," ती म्हणाली.

"मला येतो," जावई म्हणाला. "मी मागेच..."

"ऐकलं मी मागेच!"

मग तिला ते कळलं, आणि कळल्यावर ती आणखीच चिडली. साधी बिअर उकळायची ती त्याच भांड्यांत. आंबवायची त्याच यीस्टने, जे धुराच्या टाकीच्या तळातून काढून इकडे घालायचं. हे काम ती स्वतःच्या हातांनी करत होती. भांडी आणि यीस्ट वास बरोबर घेऊन येणारच. एखाद्या शिकाऊ माणसालाही हे सुचलं असतं. पण घरात ज्याला वास येईल असं एकही नाक शिल्लक नव्हतं. ती, अप्पा, आत्या, तिघंही त्या धुरात मुरले होते, आणि दर वर्षी कमी पडतो म्हणून धूर वाढवत होते.

"भट्टी बंद करणार असं ऐकलं," बाई म्हणाल्या.

"विचार चालू आहे," जावई म्हणाला. "म्हणजे जवळजवळ ठरलंच..."

"मग ही मिळत राहील का?"

जावयाने तोंड उघडलं आणि ताईकडे बघितलं. खोटं बोलायची गरज नव्हती, म्हणून तिला घाईही नव्हती.

"नाही. भट्टी थांबली की भांड्यांतला वास जाईल, यीस्ट बदलेल. मग ही खरोखरच साधी होईल."

"मग भट्टी थांबवू नका," बाई म्हणाल्या. "पण एक सांगते. दर वेळी मला हीच चव हवी. धूर वाढला तर पिंपं परत पाठवीन."

वरून अप्पांनी हाक मारली. "काय म्हणतायत? आवडली का?"

"आवडली!" ताई ओरडली.

"मोठ्या टाकीतली?"

"चूळ भरायची!"

मग आत्याचा आवाज आला, "तिच्यात तर धूरच नाही."

गाडी गेली. ताईचा स्वेटर टपावरून काढायचा राहिला होता, तो पुढच्या वळणावर रस्त्यात पडला. ती तो आणायला गेली नाही. ती जावयाकडे बघत होती. दर वेळी हीच चव, आणि ती ओळखणार कोण? वरच्या खिडकीतली दोन डोकी? ती स्वतः? या घराशी नातं असलेलं आणि नाक जिवंत असलेलं माणूस एकच होतं, आणि ते रुमालाची घडी घालत समोर उभं होतं.

"जावईबुवा," ती म्हणाली. तिला ते म्हणताना त्रास झाला. "पुढची टाकी निघाली की तुम्ही यायचं. वास घ्यायला."

"मी? मला बिअर आवडतही नाही, ताई."

"म्हणूनच."

त्याने चष्मा नाकावर नीट बसवला. दुकानात गिऱ्हाइकासमोर बसवावा तसाच. "दोन ग्लास ठेवावे लागतील. जुना आणि नवा. एकदा हा, एकदा तो. आता बरं की मघाशी बरं, असं ठरवता येतं. आणि मला खिडकीजवळची खुर्ची लागेल."

"खुर्ची रस्त्यावर मिळेल. तुम्ही वर पाऊल टाकायचं नाही. रोज वर बसलात तर तुमचंही नाक आमच्यासारखं होईल."

"बसायला नाही येणार. पण रविवारी जेवायला तर येतो आम्ही."

"तेही रस्त्यावरच."

"ताई, मी या घरचा जावई आहे!"

"ताट आणून देईन," ताई म्हणाली आणि जिना चढायला लागली. अर्ध्या जिन्यात तिने वास घेऊन पाहिला. काही आला नाही. वर आत्या ग्लास हातात घेऊन वाट बघत उभी होती.