जागेवरचा चहा

शिपायानं चहाचा ट्रे टेबलावर ठेवला आणि बशीताईनं आपल्या पुढ्यातला कप पंजानं हलकेच बाजूला सारला. चहा सांडला नाही, आवाजही झाला नाही.

"घ्या, बाई. आधी चहा, मग बोलणं," मॅनेजर म्हणाले.

"मी चहा घेत नाही, साहेब."

मॅनेजरांचा स्वतःचा कप ओठांपर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला. बशीताई कामगारांच्या समितीतर्फे आली होती, आणि तिच्या शेजारी समितीतला इस्त्रीखात्याचा प्रतिनिधी बसला होता. उंचीमुळे सगळे त्याला शिडी म्हणत. त्यानं कपाच्या कानात बोट अडकवलेलं होतं. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा वाफेकडे, आणि बोट काढून घेतलं.

"मग मलाही नको," तो म्हणाला.

मॅनेजरांनी कप खाली ठेवला.

"एवढा राग?"

"राग नाही, साहेब. मी आपली..."

"असू द्या. कळलं मला." त्यांनी ट्रे न्यायची खूण केली. "बोला, काय म्हणणं आहे?"

म्हणणं साधं होतं. शहरातल्या हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी या लाँड्रीत धुवायला येत. ओली चादर तापलेल्या रोलरांमधून घालायची, पलीकडे गरम गरम झेलायची, ताणायची, घडी घालायची, की लगेच पुढची. पूर्वी दुपारी सगळी यंत्रं थांबत आणि माणसं मागच्या अंगणात जाऊन बसत. हे मॅनेजर आले, तशी ती सुट्टी गेली आणि तिच्या बदल्यात चहा आला. चाकांच्या गाडीवरून, जागेवर, फुकट, साखरेचा हात सढळ. एका हातात चादरीचं टोक, दुसऱ्या हातात कप. सुरुवातीला लोकांना त्याचंही कौतुक वाटलं. मग एका दुपारी रोलरपाशी उभी असलेली एक नवी मुलगी भोवळ येऊन कोसळली. तिचा हात आत जायचा तो थोडक्यात वाचला. तिला वारा घालताना सगळ्यांच्या लक्षात आलं, की आपणही कित्येक महिन्यांत दुपारी कुठे टेकलेलो नाही.

"पण चहा देतोय की आम्ही," मॅनेजर म्हणाले. "दुसरी कुठली लाँड्री देते? बरं, विचार करतो."

'विचार करतो' म्हणजे काय, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. दोघं उठून खाली आले.

बशीताईला हे नाव पडलं होतं ते चहापायीच. ती कपातला चहा बशीत ओतायची, फुंकर घालायची आणि असा भुरका मारायची, की रोलरांच्या घरघरीतही तो ऐकू जायचा. अशी ही बाई. तिची सासू अंथरुणाला खिळली, तेव्हा गल्लीच्या टोकाला प्रार्थनेला जमणाऱ्या मंडळींतल्या दोन बायका न बोलावता घरी येऊ लागल्या. म्हातारीला पुसून घ्यायच्या, तिचे केस विंचरायच्या आणि उपदेशाचा एक शब्द न बोलता निघून जायच्या. सासू उठून बसायला लागली, तशी बशीताई त्यांच्या प्रार्थनेला जाऊ लागली. आधी उपकाराची फेड म्हणून, मग स्वतःसाठी.

त्या मंडळींत नियम होता. दारू नाही, तंबाखू नाही, चहा-कॉफी नाही. पहिल्या दोन्हींशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. तिसरं ऐकलं आणि 'चहासुद्धा?' असं तिनं दोनदा विचारलं.

"जे आपल्याला धरून ठेवतं, ते आपण धरायचं नाही," तिथल्या वयस्कर बाई म्हणाल्या. "घाई नाही. जमेल तेव्हा सोड. दार उघडंच आहे."

तिनं त्याच संध्याकाळी सोडला. नवऱ्याचं केस कापायचं दुकान होतं. तो म्हणाला, "तू चहा सोडणार असशील, तर मी कात्री सोडतो." पण दिवस उलटत गेले, डोकं ठणकून फुटायची वेळ आली, बामच्या बाटल्या रिकाम्या झाल्या, तरी तिनं कपाला हात लावला नाही. मग तो हसायचा थांबला आणि आपला चहा दुकानातच उरकून घरी येऊ लागला. फक्त एकदा म्हणाला, "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. नाव बशीताई, आणि बशी कोरडी."

तिला त्याचं वाईट वाटलं नाही. शाळा सुटली ती वडिलांच्या शब्दानं, लग्न ठरलं ते काकांच्या, नोकरी धरली ती गरजेपोटी. चहा मात्र तिचा तिनं सोडला होता. रस्त्यानं चालताना कधीमधी हे आठवलं, की तिची मान आपोआप वर व्हायची.

लाँड्रीत तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. देवाचं नाव निघालं की हसू होतं, आणि तिला ते नको होतं. गाडी आली की ती सगळ्यांसारखा कप घ्यायची आणि घडीच्या टेबलावर शेजारी उभ्या असलेल्या मावशीकडे सरकवायची. "आज नको वाटतंय," म्हणायची. मावशी तिथली सगळ्यांत जुनी. काही न बोलता ती दोन्ही कप रिचवायची आणि पुढची चादर ओढायची.

बैठकीतली गोष्ट शिडीनं खाली आणली, आणि बघता बघता तिला पाय फुटले. इस्त्रीखात्यात 'बशीताईनं कप सारला' अशी निघालेली गोष्ट धुलाईखात्यात 'कप पालथा घातला' अशी पोचली. वाळवणीच्या यंत्रांपाशी जाईपर्यंत गोष्टीतली बशीताई म्हणाली होती, "साहेब, तुमच्या या चहात आमची दुपार बुडालीय." हे वाक्य बशीताईनं स्वतः पहिल्यांदा तिथेच ऐकलं. आपल्याला ते सुचलं असतं तर बरं झालं असतं, असंही तिला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी चहाची गाडी आली. इस्त्रीखात्यात कुणी हात पुढे केला नाही. धुलाईत कुणी केला नाही. चहावाले काका रोलरांच्या रांगेतून गाडी ढकलत घडीच्या टेबलापर्यंत आले. मावशीनं त्यांच्याकडे बघून मान हलवली, आणि गाडी आली तशी भरलेली परत गेली. कपांची किणकिण बराच वेळ ऐकू येत राहिली. कुणी घोषणा दिली नाही, कुणी काम थांबवलं नाही. पण जाता येता बायका बशीताईच्या पाठीवर हात ठेवत होत्या, आणि तिची पाठ नुसती ताठ होत चालली होती.

घरी जाताना मात्र तो ताठा चपलेत शिरलेल्या खड्यासारखा टोचू लागला.

"मग सांगून टाक की," नवरा म्हणाला. "त्यात काय एवढं?"

"सांगितलं आणि सगळं कोसळलं तर? लोक म्हणतील, हिनं देवासाठी सोडला आणि मोठेपणा आमच्याकडून घेतला."

सासू पलंगावर बसून भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तू खोटं बोलली नाहीस, हे खरं. पण गप्प बसून मिळालेला हार गळ्याला टोचतो गं."

असे काही दिवस गेले. गाडी रोज भरलेली यायची, भरलेली जायची. मग एका दुपारी मॅनेजरांनी बशीताईला एकटीलाच वर बोलावलं. शिडीला नाही.

"बसा. पाणी चालेल ना? की तेही नाही?"

ती बसली. सुपरवायझर दाराशी उभा होता. तो तिच्याच गल्लीत राहायचा. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं खिडकीकडे.

"मला आधी सांगायचं नाही का?" मॅनेजर म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच मऊ होता. "धर्माचा मान आम्ही राखतो. तुमच्यासाठी गरम दूध वेगळं आणायला सांगतो. पण खाली लोकांचा गैरसमज झालाय, बाई. त्यांना वाटतंय तुम्ही त्यांच्यासाठी कप सारलात. आता हे त्यांच्या कानावर घालायला हवं. मी स्पीकरवरून सांगणार आहे. तुमचा अपमान होणार नाही अशा शब्दांत सांगेन."

बशीताईनं पदर सारखा केला. तिला भीती वाटली होती ती याच क्षणाची. पण तो समोर येऊन बसल्यावर फारसा मोठा वाटेना.

"तुम्ही कशाला त्रास घेता, साहेब? मीच सांगते."

"केव्हा?"

"आत्ता. तेवढी यंत्रं थांबवायला सांगा. त्या आवाजात कुणाला ऐकू जायचं नाही."

मॅनेजरांनी सुपरवायझरला खूण केली. रोलर फिरता फिरता मंदावले, सुस्कारा सोडून थांबले. मॅनेजर इथे आल्यापासून दुपारच्या वेळी यंत्रं बंद करायचा हा पहिला हुकूम त्यांनी दिला होता, पण ते त्यांच्या ध्यानात आलं नसावं. ते जिन्यात मधेच उभे राहिले. बशीताई खाली उतरून घडीच्या टेबलापाशी गेली.

"एक सांगायचंय," ती म्हणाली. एवढ्या शांततेत आपला आवाज तिला परका वाटला. "मी साहेबांच्या खोलीत चहा घेतला नाही, ते तुमच्यासाठी नव्हतं. मी चहा सोडलाय. मी ज्या प्रार्थनेला जाते, तिथला तसा नियम आहे. म्हणून नाही घेतला. घेत असते, तर त्या दिवशी प्यायलेही असते."

इस्त्रीखात्यातून एकानं विचारलं, "म्हणजे साहेबांना तू काही सुनावलंच नाहीस?"

"नाही. ते चहात दुपार बुडाल्याचं वाक्य माझं नाही. चांगलं आहे, पण माझं नाही."

शिडी मान खाजवत छताकडे बघू लागला. दोघी-तिघी हसल्या.

"तेव्हा ज्यांना चहा हवा त्यांनी घ्या," बशीताई म्हणाली. "माझ्याकडे बघून कुणी मन मारू नका. मला जे सांगायचं होतं ते सांगून झालं."

तिचे कान तापले होते. आता कुणीतरी तोंड फिरवेल, याची ती वाट बघत राहिली.

"झालं तुझं?" मावशीनं विचारलं. ती हातातली चादर अजून सोडायला तयार नव्हती. "अगं, रोज दोन-दोन कप माझ्या पोटात जात होते. मला कळणार नाही? पित्तानं छाती जळायची माझी, तरी मी प्यायची. म्हटलं, हिला लपवायचंय तर लपवू दे."

"तुला ठाऊक होतं?"

"मला एकटीला? बाम चोळून यायचीस, तेव्हा वाळवणीपर्यंत वास जायचा. धुलाईतल्या एकीची जाऊ तुमच्याच प्रार्थनेला येते. इथे चादरीवरचा डाग लपत नाही, बाई, आणि तू एवढी थोरली गोष्ट लपवायला निघालीस."

"मग गाडी का परत पाठवलीत सगळ्यांनी?"

मावशीनं चादरीचं टोक टेबलावर ठेवलं आणि ते हातानं सपाट केलं.

"तुझा चहात जीव किती, ते आम्ही बघितलंय. तू सोडलास. डोकं धरून बसायचीस, पण सोडलास. मग म्हटलं, ही सोडू शकते तर आम्हाला काय धाड भरलीय? तू देवासाठी सोडलास. आम्ही आमच्यासाठी सोडला. तुझ्यासाठी कुणी सोडलाय?"

बशीताईनं टेबलावरच्या चादरीचं दुसरं टोक सपाट केलं. तेवढ्यात गाडीची वेळ झाली. चहावाले काका दारातून आत आले, बंद यंत्रं आणि उभी माणसं बघून क्षणभर थबकले, मग सवयीनं गाडी ढकलू लागले. एरवी घरघरीत बुडून जाणारा चाकांचा आवाज आज अख्ख्या शेडमध्ये घुमला. गाडी इस्त्रीखात्यावरून गेली, रोलरांवरून गेली, टेबलाला वळसा घालून जिन्याखाली आली. एकही कप उचलला गेला नव्हता. काकांनी वर मॅनेजरांकडे पाहिलं. मॅनेजरांनी कठड्यावरचा हात काढून घेतला आणि एकेक पायरी चढत ते वर गेले.

यंत्रं सुरू करायला सुपरवायझरला कुणी सांगितलं नाही. ती त्यानं आपणहून सुरू केली.

पुढल्या आठवड्यात दुपारची सुट्टी परत मिळाली. फळ्यावर दोन ओळी लागल्या. त्यात चहाचा उल्लेख नव्हता, समितीचा नव्हता, बशीताईचाही नव्हता. शिडीनं त्या मोठ्यानं वाचून दाखवल्या. बशीताईनं त्या पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचल्या. आपलं नाव कुठेच नाही, याचं तिला इतकं बरं वाटेल, असं तिला आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

त्या दुपारी रोलर थांबले आणि सगळे मागच्या अंगणात आले. भिंतीच्या सावलीत जुनी बाकं होती. ती कुणीतरी सकाळीच पुसून ठेवली होती. चहाची गाडी आता बाहेर आली होती, आणि काकांचे हात पुरेनात. लोक बाकांवर बसत होते, पायऱ्यांवर बसत होते, पाय लांब करत होते. धुलाईतल्या बायकांनी चपला काढून पावलं गार फरशीवर टेकवली होती. जिकडेतिकडे भुरके ऐकू येत होते. बशीताई पाण्याचा पेला घेऊन बाकाच्या कडेला बसली. चहाचा वास नाकात गेला, जिभेवर आला, आणि तिनं पाण्याचा एक घोट घेतला.

समोर मावशी कप घेऊन उभी होती. भराभर पीत होती. तिचा डावा हात कमरेशी पुढे आला होता आणि त्याची बोटं चिमटीत मिटलेली होती, चादरीचं टोक धरल्यासारखी. ते तिचं तिलाही कळलेलं नव्हतं.

बशीताई सरकली. तिनं बाकावर जागा केली.

"मावशी," ती म्हणाली, "बस ना."

मावशीनं आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. बोटं उघडली. मग ती हळूच बाकावर टेकली, आणि कपातला उरलेला चहा तिनं सावकाश प्यायला घेतला.