तळ्यातली गल्ली

मी राधाकिशन, आमच्या दूध सोसायटीचा चेअरमन. माझं तोंड लई फाटकं, हे सगळ्या गावाला ठावं हाय. सोळा सालच्या दुष्काळात शिवारात हिरवी काडी न्हवती. घराघरातली चूल पेटायची ती दुधावर. आन् ते दूधच नासायला लागलं.

कावून? तर शाळा आन् सोसायटी एकाच बोळात. सकाळी शाळेच्या टायमाला जीपा, कारा, फटफट्या आशा आडकून पडायच्या, की दुधाची गाडी जागची हलायची न्हाई. कॅन उन्हात तापायचे. दोनदा दूध फाटलं. डेअरीवाल्यानं बजावलं, "आणखी एकदा आसं झालं, तर तुमच्या गावाला गाडी बंद."

मी बोळात उभा राहून सगळ्यांवर खेकसलो. "देवानं पोरांला पाय दिलेत का न्हाई? चालत आणा की!"

पोराला सोडायला आलेल्या आश्रुबानं माझ्याच जीपकडं बोट केलं. "आन् तुमची नात कशात बसलीय, चेअरमन?"

सत्यभामा खिडकीतून बघत होती. माझ्या मायचं नाव ठेवलेली माझी नात.

तसं आश्रुबाचंबी खरं होतं. आमी ल्हान आसताना जुनं गाव बुडवून तळं झालं. नवं गाव ह्या काठाला, शाळा आन् सोसायटी त्या काठाला, आन् डांबरी सडक आख्ख्या तळ्याला वळसा घालून. तेवढं लेकरांनी चालावं तरी कसं?

शेजारच्या छबुकाकू म्हणल्या, "वळसा कशाला? तळं आटलंय की. जुन्या गावातली वाट उघडी पडलीय."

दुसऱ्या दिवशी छबुकाकू पुढं, मागं आमी सगळे, मायबाप, लेकरं, दप्तरं. तळ्यात उतरलो आन् मी गपकन थांबलो. खरं सांगतो, अंगावर काटा आला. भिंती कवाच विरघळल्या होत्या, पर घरांची जोती जागच्या जागी. उंबऱ्याचे दगड तसेच. मारुतीचा पार तसाच. आख्खं गाव जिमिनीवर आखून ठेवल्यावानी दिसत होतं.

छबुकाकू एका जागी वळल्या. पुढं जाऊन पुन्हा वळल्या. शाळा तर नाकासमोर दिसत होती.

"काकू, सरळ चला की," मी म्हणलं. "भिंती कुठं हायत आता?"

त्या समोरच्या जोत्याकडं बोट करून थांबल्या. "आसारामच्या घरातून जाऊ? त्याला न इचारता?"

कुणी हासलं न्हाई. आश्रुबासारखा वांड माणूस, तोबी गुमान वळला. उघड्या रानात, जिथं कोपरा न्हाई तिथं सगळं गाव कोपऱ्यावर वळत होतं. बापरे! जन्मात मी आसं कायी बघितलं न्हवतं.

पाराशेजारी आमचं जोतं होतं. मी नातीला म्हणलं, "तुझ्या नावाची माझी माय हितं राहायची. गाव सोडताना उंबऱ्यावर डोकं टेकून गेली. पुन्हा तिला हे घर दिसलं न्हाई."

पोरगी त्या उंबऱ्याकडं बघत राहिली.

पुढं मी सकाळी सोसायटीतच थांबायला लागलो. लेकरं तळ्यातून चालत, गाड्या घरी, बोळ मोकळा, तरी माझा जीव टांगलेलाच. आन् पहिल्याच सकाळी दुधाची गाडी आली, ती सरळ दारात! ड्रायव्हर हरिबा भराभर कॅन चढवायला लागला. दूध वाचलं.

मी तळ्याकडं बघितलं. लेकरांची रांग येत होती, सत्यभामा सगळ्यांच्या पुढं. वळली, पुन्हा वळली. कुणाच्याच घरात पाय ठेवला न्हाई. पाराशेजारी मात्र वळलीच न्हाई. चपला काढून हातात घेतल्या, उंबऱ्यावर चढली आन् मागच्यांला हात करून ओरडली. बोळापतूर ऐकू आलं.

"या, या! हे आमचं हाय! घरातून या!"

सगळी रांग आमच्या घरात शिरली.

"चेअरमन, कॅन मोजून घ्या की!" हरिबा म्हणला. "आन् डोळ्याला काय झालं तुमच्या?"

"तूच मोज बाबा," मी म्हणलं. "आमच्या मायकडं पाव्हणे आलेत."