बत्तिसावा पाईप

आप्पांच्या पाईपांना घरात बत्तिशी म्हणत. कवळ्या बनवण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाने बरोबर बत्तीस पाईप जमवावेत, यात कुणाला नवल वाटत नव्हतं. नवल एवढंच, की भिंतीवरच्या लाकडी फळीला भोकं बत्तीस आणि पाईप मात्र एकतीस. कोपऱ्यातलं शेवटचं भोक रिकामं. पाहुण्याने विचारलं की आप्पा म्हणत, "ती अक्कलदाढ. पडली." त्यावर माई शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणत, "पडली नाही, मी टाकली. पुन्हा विषय काढलात तर उरलेली बत्तिशीही टाकीन."

सूनबाई लग्न होऊन या घरात आली त्या आठवड्यातच तिने हा संवाद ऐकला आणि पुढची बारा वर्षं ऐकत राहिली. ही लटकी कुरबुर नव्हती. बत्तीसपैकी तो एकच पाईप कोरा करकरीत होता आणि तो खुद्द माईंनीच आप्पांना दिला होता. त्यानंतर काही महिन्यांनी, सूनबाई यायच्या पुष्कळ आधी, आप्पांना दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात कवळ्यांचं काम शिकवायला बोलावलं, आठ महिन्यांसाठी. सामान भरताना पाईप मोजले तर एक कमी. माई म्हणाल्या, टाकला, धुराने जीव नकोसा केला होता. आप्पा तसेच न बोलता निघून गेले. ते आठ महिने नवराबायकोत मोजून पाच पत्रं झाली, आणि त्यातही हवापाण्याच्या गोष्टी. आप्पा परत आले, संसार चालू झाला, पण त्या भोकात त्यांनी दुसरा पाईप कधी ठेवला नाही. माणसं किती चिवट रुसतात, ते त्या भोकाकडे बघून कळायचं.

एरवी आप्पांची तऱ्हा जगावेगळी होती. जुने पाईप जमवणारा माणूस पाईप हातात आला की आधी तोंडाच्या नळीवरच्या दातांच्या खुणा घासून काढतो. आप्पांचं उलटं. जुन्या बाजारातला दुकानदार "साहेब, अगदी नव्यासारखा आहे" म्हणाला की ते म्हणत, "मग मला काय उपयोग?" त्यांना चावलेले पाईप हवे असत. कडकडून चावलेले, एका बाजूने चावलेले, चावून चावून नळीला भोक पडलेले.

रविवारी सकाळी चहा झाला की आप्पा फळीवरचा एखादा पाईप काढायचे, खिडकीशी बसायचे आणि नळीवरून अंगठा फिरवायचे. मग सुरू व्हायचं. "हा गृहस्थ डावीकडून चावणारा. पण हे बघ, इथून पुढे सगळ्या खुणा उजवीकडे गेल्या. डावीकडची दाढ दुखायला लागली बिचाऱ्याची. वर्षभर तरी अंगावर काढलं असणार." इथे ते थांबायचे, पाईप उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "बायकोला मात्र सांगितलं नसणार." त्यांची जवळपास प्रत्येक गोष्ट याच वाक्याशी येऊन टेकायची. कुणी नोकरी गेल्याचं सांगितलेलं नसे, कुणी भीती वाटते म्हणून.

"दुसऱ्यांच्या उष्ट्या नळ्या घरात आणायच्या आणि वर त्यांची गाऱ्हाणी ऐकायची," माई म्हणायच्या आणि दोरा दाताने तोडायच्या. माई घरी कपडे शिवत. तीस-पस्तीस वर्षं दोरा तोडून त्यांच्या पुढच्या वरच्या दाताला खालून बारीकशी खाच पडली होती. आप्पांना ती बघवत नसे. "आपल्या डॉक्टरांकडून भरून घे. दहा मिनिटांचं काम." "मग दोरा कशाने तोडू?" "कात्री कशासाठी असते?" "कात्री सापडेपर्यंत माझी बाही जोडून होते." यंत्र पुन्हा खडखडायला लागे, आप्पा पाईप शिलगावत, आणि मधासारखा वास घरभर पसरे. सूनबाईला त्या सकाळी फार आवडत. आप्पांच्या गोष्टी म्हणजे शुद्ध थापा, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. पण थापा देखण्या होत्या, आणि तिच्या माहेरी जेवताना चमच्यांशिवाय कुणाचा आवाज होत नसे.

माई गेल्या त्याला तीन वर्षं झाली. यंत्रावर कापड टाकलं ते कुणी काढलं नाही. रविवारच्या गोष्टी आधी पंधरवड्याने, मग महिन्याने होऊ लागल्या. आणि यंदा आप्पांच्या हृदयाने दगा दिला. एकोणीस दिवस दवाखान्यात काढावे लागले. डॉक्टरांनी सांगितलं, तंबाखू बंद म्हणजे बंद. आप्पांनी विचारलं, "नुसता तोंडात धरला तर?" डॉक्टर हसून म्हणाले, "न पेटवता धरा की दिवसभर." तेवढ्यावर म्हातारा लहान मुलासारखा खुलला. घरी गेल्यावर कोणता पाईप आधी काढायचा, ते त्याने खाटेवर पडल्यापडल्या ठरवून टाकलं.

आता सूनबाईचा धंदा सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्या धंद्याने केलं. ती जुन्या लाकडी सामानाला पॉलिश करी. कपाटं, खुर्च्या, एकदा तर एक अख्खा पियानो. तिच्या हाताखालून गेलेल्या टेबलावर पूर्वी कुणी जेवलं असेल अशी शंका येऊ नये, इतकं ते नवं होई. आप्पा येईपर्यंत बत्तिशी चकचकीत करून ठेवायची, असं तिच्या मनाने घेतलं. आणि एकदा तिच्या मनाने घेतलं की संपलं.

तिने एकतीसच्या एकतीस पाईप घराशेजारच्या आपल्या कारखान्यात नेले. तंबाखूच्या वाटीच्या आतला काजळीचा थर खरवडला. दांडीतून स्पिरिटमध्ये भिजवलेल्या काड्या फिरवल्या, पांढऱ्या निघेपर्यंत. लाकडाला हलकं तेल, वर मेण, मग चकाकी आणणारं बफाचं कापडी चाक. नळ्या जुन्या होऊन हिरवट-पिवळ्या पडल्या होत्या, त्या बारीक पॉलिश पेपरने घासून काळ्याभोर केल्या. राहिल्या दातांच्या खुणा. पहिली नळी हातात घेतल्यावर तिच्या मनात एकदा येऊन गेलं, की आप्पा यावरूनच गोष्टी सांगतात. पण गोष्टी काय, थापाच. त्या सांगायला खुणा कशाला लागतात? शिवाय तिच्या हाताला खड्डा म्हणजे खोट, आणि खोट दिसली की त्या हाताला सुरसुरी येई. दिव्याच्या ज्योतीवर ती नळी जपून धरली की तिचं कडक रबर गरम होऊन खड्डा आपला आपण वर येतो, उरलंसुरलं पेपरने जातं. ही युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती, तिची तिलाच सापडली होती. त्या दिवशी ती स्वतःवर भलतीच खूष होती.

आप्पा घरी आले. फळीसमोर उभे राहिले. खाटेवर ठरवून ठेवलेला पाईप त्यांनी काढला आणि नळीवरून अंगठा फिरवला. परत फिरवला. तो खाली ठेवून दुसरा घेतला, मग तिसरा. सूनबाई मागे पदराला हात पुसत शाबासकीची वाट बघत उभी.

"हात बसलाय तुझा," आप्पा म्हणाले. "सुरेख काम."

त्यांनी पाईप जागेवर ठेवला आणि दमलो म्हणून खोलीत जाऊन पडले. आजारातून उठलेला माणूस, दमणारच, असं तिने धरलं. रविवारी चहा झाल्यावर तिचा नवराच म्हणाला, "आप्पा, कितीतरी दिवसांत गोष्ट नाही झाली. तो दाढदुखीवाला काढा की."

आप्पांनी पाईप काढला, खिडकीशी बसले, अंगठा फिरवला. यंत्रावरचं कापड वाऱ्याने हलत होतं. "कोण होता हा, मला नाही बाबा ओळखू येत," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "सूनबाई, सावकाशीने हे सगळे पेटीत भरून टाक. उगाच धूळ खातील."

तेव्हा तिला कळलं. आप्पा थापा मारत नव्हते. पन्नास वर्षं दुसऱ्यांचे दात हातात घेतलेला तो माणूस खरोखर वाचत होता, आणि तिने एकतीस माणसं पुसून टाकली होती. ती जागच्या जागी रडायला लागली. आप्पा उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अगं, तू जीव ओतून केलंस. मला दिसत नाही का ते?" याने तिला आणखीच रडू आलं. एखाद्याने चार शिव्या तरी घालाव्यात.

पाईप पेटीत भरायचे तर तिने ठरवलं, निदान प्रत्येकाला मऊ फ्लॅनेलची पिशवी शिवू. एकतीस पिशव्या; तेवढं तरी नीट करू. दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा आडवे झालेले बघून तिने तीन वर्षांनी माईंच्या यंत्रावरचं कापड काढलं. चाकाला तेल घातलं. बॉबिन हवी म्हणून खालचा खोल खण ओढला तर तो अर्ध्यावर अडला. आत हात घालून चाचपलं. रिळांच्या मागे एक चपटा पत्र्याचा डबा आडवा झाला होता. डबा निघाला, झाकण उघडलं, आणि मधासारखा तो वास, विझत आलेला पण तोच, तिच्या नाकाशी आला.

आत एक पाईप होता. मळका. नळी पिवळी पडलेली आणि टोकाशी चावून चावून खडबडीत झालेली. सूनबाईचा हात सवयीने कापडाकडे गेला. तिने तो हात दुसऱ्या हाताने धरला म्हटलं तरी चालेल. मग डबा तसाच उघडा घेऊन ती आप्पांच्या खोलीत गेली.

"आप्पा, यंत्राच्या खणात सापडला. मी काही केलेलं नाही. पुसलासुद्धा नाही."

आप्पा उठून बसले. पाईप बघूनच त्यांनी ओळखला. "म्हणजे टाकला नव्हता," ते म्हणाले. मग अंगठा नळीवर गेला. तो कडेला थांबला. "हा मी. डावी दाढ. चार-पाच महिने ओढला असेन." अंगठा पुढे सरकला, टोकाशी आला आणि तिथे घुटमळला. आप्पांनी चष्मा मागितला. पाईप उजेडात धरला. खाली केला, पुन्हा धरला.

"सूनबाई, इकडे ये. तुझे डोळे चांगले आहेत. या टोकाला काय दिसतं?"

ती वाकली. नळीच्या टोकाला वरच्या अंगाने पुढच्या दातांच्या खुणा होत्या, एकावर एक, दाट. प्रत्येक खुणेच्या मधोमध रबराचा एक बारीकसा उंचवटा शिल्लक होता. तेवढ्या जागी दात टेकलाच नव्हता.

"माईंची खाच," ती म्हणाली.

आप्पांनी मान हलवली. वाटीत त्यांनी करंगळी घातली, बाहेर काढून बघितली. "पेटवलेला नाही. माझ्यानंतर एकदाही नाही." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. "नुसता तोंडात धरून शिवत बसायची. मी तिकडे पाच पत्रांत हवापाणी कळवत होतो, आणि ही इथे..."

"आठ महिने," सूनबाई म्हणाली.

"छे. आठ महिन्यांत एवढी खूण पडत नाही गं. याला वर्षं लागतात. मी परत आल्यावरसुद्धा, मी कामावर गेलो की दुपारचा काढत असणार." ते हसले, डोळे पुसले, पुन्हा हसले. "आणि मला म्हणायची, उष्ट्या नळ्या घरात आणता!"

सूनबाईने विचारलं, "फळीवर ठेवू? शेवटच्या भोकात?"

"ठेव. पण नंतर." आप्पांनी तोंडातली कवळी नीट बसवली. ती त्यांनी स्वतःच बनवलेली होती. मग तो मळका पाईप, टोकाच्या त्या खुणांवर दात टेकवून, न पेटवता तोंडात धरला. दोन-चार श्वास तसेच घेतले. नंतर तो काढला, उजेडात धरला आणि रविवारच्या आवाजात सुरुवात केली.

"ही बाई पुढच्या दातांनी चावणारी. हाताला काम, पायाला काम, म्हणून तोंडात. स्वभाव हट्टी. एकदा खोटं बोलली ते मागे घेणं जन्मात जमलं नाही."

सूनबाई खाटेच्या कडेला बसली. आप्पा थांबले. नळीवरून अंगठा हळूच पुढे नेऊन त्यांनी तो त्या उंचवट्यावर ठेवला.

"फार आठवण यायची तिला," ते म्हणाले. "नवऱ्याला मात्र सांगितलं नसणार."